केनवडच्या ओट्यावर

मालेगाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नाशिक जिल्ह्यातले यंत्रमागांचे मालेगाव येते. मी ज्या मालेगावला उतरलो ते वऱ्हाडातले, मालेगाव जहांगीर. पुण्याहून अकोल्याला रेल्वेने यावे, तिथून पातूर, मेडशी असे करीत एस.टी.ने मालेगाव गाठावे आणि मग मेहकरच्या रस्त्याला लागावे. त्या रस्त्यावर रिसोड तालुक्यातले केनवड लागते. केनवडला माझी आत्या राहते. दर दिवाळीत ती ‘येऊन जा’ म्हणते आणि दर दिवाळीत मी ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणतो. २०२४ च्या दिवाळीत मात्र हा वायदा मोडला आणि भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी खरोखरच पिशवी घेऊन मालेगावच्या स्टँडवर उभा राहिलो.

सणाची गर्दी होती. कशीबशी जागा मिळाली. माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारबाबा आणि एक म्हातारी बसली होती. बाबांचे धोतर परीटघडीचे. आजींच्या मांडीवर नव्या लुगड्याचे पुडके. कंडक्टर आला. बाबांनी कार्ड दाखवले. पंचाहत्तर वर्षे पुरी झालेल्यांना एस.टी.चा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे. त्यांचे शून्य रुपयांचे तिकीट निघाले. आजींनी कमरेच्या पिशवीतून कार्ड काढले. कंडक्टरने पाहिले, मशीन दाबले आणि म्हणाला, “आजी, तुमचं अर्धं.”

आजींनी पैसे दिले खरे, पण सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हा माह्या कडेवर वाढला, बाप्पा. अन् आता हा मोठा झाला अन् मी लहान!”

गाडी हसली. कंडक्टरही हसला. बाबा मात्र हसले नाहीत. ते खिडकीबाहेर पाहू लागले. मला ते जरा चमत्कारिक वाटले. पुढे केनवडला ही दोघे माझ्याच मागोमाग उतरली आणि माझ्याच आत्याच्या घराकडे वळली, तेव्हा कळले की आजी आत्याच्या भिंतीला भिंत लावून राहतात. भाऊबिजेला भावाकडे गेल्या होत्या आणि भाऊ त्यांना पोचवायला आला होता.

केनवड हे काही पाहण्यासाठी जाण्याचे गाव नव्हे. मार्गदर्शिकेत त्याला जागा नाही. याच भागात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचे देवस्थान आहे, पलीकडे बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. प्रवासी तिकडे जातात. केनवडला माणसे येतात ती लग्नाला, मयताला आणि सणाला. पण काळ्या जमिनीचे वैभव पाहायचे असेल तर दिवाळीनंतरचे हे दिवस चांगले. सोयाबीन निघालेले, तुरी कमरेच्या वर गेलेल्या आणि त्यांना पिवळा फुलोरा आलेला. कपाशीच्या तुकड्यांतून बाया ओटी बांधून वेचणी करीत असतात. सकाळच्या उन्हात हे सगळे असे स्वस्थ दिसते की इथे कुणाचे काही राहून गेले असेल असे वाटतच नाही.

रात्री जेवणे झाली. भाकरी, बेसन आणि ठेचा. पुण्यात हे पदार्थ हॉटेलात पाटी लावून मिळतात; इथे आत्याने ‘आज काही विशेष केलं नाही रे, बापू’ म्हणून वाढले. मग आम्ही ओट्यावर बसलो. आत्या, तिची सून (ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे), शेजारच्या दोन बायका आणि त्या आजी. आजींचे भाऊ भिंतीला टेकून थोडे बाजूला बसले होते. मी गाडीतली गोष्ट काढली.

“मोठीच हाय ती माह्याहून,” बाबा आपणहून म्हणाले. “पाच वर्षांनी.”

हिशेब असा होता. बाबांचा जन्म १९४९ सालचा. शाळेच्या दाखल्यावर तसे लिहिले आहे. चौथीपर्यंत शिकले, त्याचा कागद ट्रंकेत जपून ठेवलेला. आजी शाळेत गेल्या नाहीत. त्या का गेल्या नाहीत, तर आई शेतात जाई आणि या धाकट्याला सांभाळायला घरी कुणी तरी हवे होते. भाऊ शाळेत गेला म्हणून त्याचे वय कागदावर राहिले. बहीण त्याला कडेवर घेऊन हिंडली, म्हणून तिचे राहिले नाही. आजींच्या आठवणीतले वय मात्र अगदी पक्के आहे. “गांधीबाबाले मारलं तवा मी पानी भरत होती लहान्या घागरीनं. अन् हा जन्माले याचा होता.” १९४८ च्या जानेवारीत जी मुलगी छोट्या घागरीने का होईना पाणी भरते, तिचा जन्म १९४४ च्या पुढे कसा न्यावा?

पण तो नेला गेला. कार्डे काढण्याचे शिबिर कुठेसे भरले होते. समोरच्या पोराने विचारले, जन्मतारीख? आजी म्हणाल्या, ठाऊक नाही. त्याने एकदा तोंडाकडे पाहिले आणि १ जानेवारी १९५३ असे लिहून टाकले. आजींचे केस तेव्हाही फारसे पिकले नव्हते. त्याची शिक्षा म्हणून त्या नऊ वर्षांनी लहान झाल्या.

मी मास्तर आहे. असल्या तारखांची मला सवय आहे. आमच्या जुन्या प्रवेशरजिस्टरांत पाहावे तर अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला दिसतो, कारण शाळेत नाव घालायला जूनची तारीख सोयीची पडे. हे आपण थट्टेवारी नेतो. पण रजिस्टरातली चूक आणि कार्डातली चूक यांत फरक आहे. शाळेतल्या चुकीने मुलगा सहा महिने इकडे-तिकडे होई. आजींच्या नऊ वर्षांचे काय झाले ते ऐका.

आपल्या राज्यात निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. वयाची अट ६५ वर्षे, पुरुषाला आणि स्त्रीला सारखीच. आजींचे खरे पासष्टावे वर्ष २००९ साली भरले. कागदावरचे भरले २०१८ साली. मधली नऊ वर्षे, म्हणजे १०८ महिने, त्यांना सांगण्यात आले की तुम्ही अजून म्हाताऱ्या झाला नाहीत. त्यांतला बहुतेक काळ ही रक्कम महिना ६०० रुपये होती. पुढे ती १००० झाली आणि २०२३ पासून १५००. शहरातल्या वाचकाला ६०० रुपये म्हणजे एका दिवसाचा भाजीपाला वाटेल. केनवडच्या ओट्यावर ते दोन महिन्यांचे तेलमीठ होते, गुडघ्याचे औषध होते, लेकीकडे जाण्याचे भाडे होते. धाकट्या भावाला मात्र २०१४ साली, पासष्ट भरताच, पगार सुरू झाला. इकडे या पैशाला ‘पगार’च म्हणतात, आणि मला तो शब्द फार आवडला. चार वर्षे धाकटा पेन्शनर आणि थोरली उमेदवार, असा हा संसार चालला. गाडीत बाबा का हसले नाहीत, ते मला आता समजले.

वाशीमचा हा मुलूख नोंदींच्या बाबतीत एरवी मोठा भाग्यवान. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचणारा सर्वसेन इथलाच राजा. त्याचा मुलगा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वाशीमला सापडला. त्यात आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी त्याने कुणाला काय दान दिले हे कोरून ठेवले आहे. सोळाशे वर्षांनंतरही आपण ते वाचतो. राजाच्या राज्याचे सदतिसावे वर्ष टिकले. मग त्याच मातीतल्या एका बाईचे पासष्टावे वर्ष कुठे हरवले? दान देणाऱ्याचे साल तांब्यावर लिहिले जाते. राबणाऱ्याचे साल त्याने स्वतः लक्षात ठेवायचे असते आणि सांगितले तर त्यावर कुणी विश्वास ठेवायचा नसतो.

आणि राबणे तरी किती! “बहात्तरच्या दुस्कायात,” आजी सांगत होत्या, “आमी खडी फोडली. हातोडीनं. लेकरू झाडाखाली निजोलं अन् फोडली.” १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना ही खडी, ती तांबडी मिलो ज्वारी आणि ती सुकडी आठवत असेल. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग लावायचे, मग मोजणी करणारा येई आणि मापाप्रमाणे पैसे देई. त्या कामांच्या अनुभवातूनच आपल्या रोजगार हमीला बळ आले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. वि. स. पागे यांचे नाव त्यासाठी आदराने घेतले जाते. आजींचे नाव हजेरीपटावर होते, ढिगाचे माप वहीत होते. सरकारने त्यांची खडी मोजून घेतली, वय तेवढे मोजले नाही.

एवढ्यात मला विलायतेतल्या बायकांची आठवण झाली. आदल्या काही महिन्यांत मी त्यांच्याविषयी वाचले होते. ओट्यावर मी ती हकिकत सांगितली. इथेही सांगतो, कारण केनवडशी तिचे नाते जवळचे आहे.

ब्रिटनमध्ये १९०८ साली सरकारी वृद्धापवेतनाचा कायदा झाला तेव्हा वयाची अट सत्तर वर्षांची होती, स्त्रीपुरुष दोघांनाही. पुढे विमा भरणाऱ्यांसाठी ती पासष्ट झाली. मग ब्रॅडफर्ड गावच्या फ्लॉरेन्स व्हाइट नावाच्या बाईंनी १९३५ साली अविवाहित स्त्रियांची संघटना काढली. त्यांचे म्हणणे असे की गिरणीत राबलेली एकटी बाई पंचावन्नाव्या वर्षी थकते, तिला नोकरी कुणी देत नाही, तेव्हा पेन्शन पंचावन्नाला द्या. १९४० साली सरकारने साठावर तडजोड केली. बायका नवऱ्यांहून सहसा लहान असतात, तेव्हा दोघांना एकदमच पेन्शन सुरू व्हावे, असाही विचार त्यामागे होता. पुरुष पासष्ट, स्त्री साठ, ही व्यवस्था पुढे पन्नासांवर वर्षे चालली.

१९९५ साली तिथल्या संसदेने ठरवले की दोघांचे वय सारखे करायचे. स्त्रियांचे साठ हळूहळू वाढवीत पासष्टावर न्यायचे. सुरुवात २०१० ला, शेवट २०२० ला. हे ठीक होते. पण २०११ साली दुसरा कायदा झाला आणि गाडी एकदम जोरात हाकली गेली. २०१८ मध्येच पासष्ट पुरे झाले आणि २०२० मध्ये स्त्रीपुरुष दोघेही सहासष्टावर गेले. १९५० च्या दशकात जन्मलेल्या पस्तीस लाखांहून अधिक बायका यात सापडल्या. कित्येकींचे म्हणणे असे की आम्हांला हे वेळेवर कळलेच नाही. साठाव्या वर्षासाठी आम्ही नोकरी सोडली, आजारी आईची सेवा पत्करली, आणि मग कळले की पेन्शन अजून पाच-सहा वर्षे दूर आहे. त्यांनी मोर्चे काढले, त्या कोर्टात गेल्या आणि हरल्या.

मी इथवर आलो तेव्हा आजींनी मला थांबवले. “त्याइले पत्र नोतं का पाठवलं?”

मी चकित झालो. सगळ्या वादाचा गाभा तोच होता! तिथल्या लोकपालांनी पाच-सहा वर्षे चौकशी करून २०२४ च्या मार्चमध्ये निकाल दिला, तो हाच, की बायकांना पत्रे पाठविण्यात सरकारी खात्याने दिरंगाई केली, आणि त्यासाठी त्यांना भरपाई द्यावी. (मी केनवडहून परतल्यावर महिन्याभरात, डिसेंबरात, तिथल्या सरकारने भरपाई नाकारली.) लोकपालांना पाच-सहा वर्षे लागली, आजींना एक प्रश्न पुरला. ज्याच्या पायाखालची रेघ एकदा सरकली आहे त्याला असे प्रश्न लवकर सुचतात.

“पण भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “वय सारखं केलं यात अन्याय काय? आम्ही समान पगार मागायचा, समान हक्क मागायचे आणि म्हातारपण मात्र लवकर मागायचं? हे काही मला पटत नाही.”

वहिनींचा मुद्दा हलका नव्हे. बायका सरासरीने पुरुषांहून अधिक जगतात, हेही त्यांच्या बाजूने सांगता येईल. शिवाय ‘बायकांचे वय कमी धरणे’ ही नेहमी कृपाच असते असे नाही. आपल्याकडे एअर इंडियातल्या हवाई सुंदरींना पस्तिसाव्या वर्षी निवृत्त करण्याचा नियम होता आणि त्याच विमानात काम करणाऱ्या पुरुषांना अठ्ठावन्नपर्यंत मुभा होती. हा खटला १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात गाजला. ब्रिटनमध्ये मार्शल नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंना बासष्टाव्या वर्षी घरी बसवले, कारण बायकांच्या पेन्शनचे वय साठ. पुरुष पासष्टपर्यंत राहू शकत. त्या भांडल्या आणि १९८६ साली युरोपच्या न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. म्हणजे लवकर मिळणारे पेन्शन हे कधी कधी लवकर दाखवलेले दारही असते.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या रेल्वेचे. ज्येष्ठांच्या सवलतीसाठी स्त्रीला ५८ वर्षे आणि पुरुषाला ६० वर्षे अशी अट होती. सवलतही स्त्रीला निम्मी आणि पुरुषाला चाळीस टक्के. मार्च २०२० मध्ये कोविडच्या वेळी ती बंद करण्यात आली. ती चालू असताना दोन वर्षांच्या या फरकाबद्दल कुणा पुरुषाने फलाटावर सत्याग्रह केल्याचे मला आठवत नाही.

“मग तुह्यं म्हननं काय?” आत्याने मला सरळ विचारले. प्राध्यापकाने दोन्ही बाजू सांगाव्यात आणि निकाल मुलांवर सोडावा, ही माझी सवय तिला ठाऊक आहे.

मी उत्तर देण्याआधी शेजारच्या बायकांपैकी एक बोलली. तिचे वय कागदावर चौसष्ट. तिला लाडक्या बहिणीचे पैसे मिळत होते. ती योजना २०२४ च्या जुलैत सुरू झाली. वयोमर्यादा २१ ते ६५, रक्कम महिना १५००. “मले कोनं तरी सांगा,” ती म्हणाली, “पुढच्या साली पासष्ट भरल्यावर माह्यं काय?”

साधे वाटावे असे उत्तर आहे. पासष्टानंतर श्रावणबाळ आहे आणि रक्कमही तेवढीच. नावे पाहा किती गोड आहेत! पासष्टपर्यंत ती बहीण. पासष्टानंतर ती आई आणि सरकार तिची कावड वाहणारा बाळ. पण नियम वाचले की गोडी थोडी कमी होते. बहिणीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये होती. श्रावणबाळाच्या नियमांत ती एकवीस हजार रुपये. म्हणजे जिचे घर या दोन आकड्यांच्या मधे कुठे तरी आहे, ती चौसष्टाव्या वर्षी गरीब असते आणि पासष्टाव्या वाढदिवशी श्रीमंत होते. पुराणातल्या श्रावणाने कावड उचलण्यापूर्वी आईबापांकडे उत्पन्नाचा दाखला मागितला नव्हता.

मी आत्याला माझे म्हणणे सांगितले ते असे. वय सारखे असावे. वहिनींशी मी सहमत आहे. आज ज्या मुली बापाच्या नावाबरोबर आईचेही नाव लावून, जन्माच्या दाखल्यासह शाळेत येतात आणि मुलांच्या पुढे जातात, त्यांना पाच वर्षांची सूट देणे म्हणजे त्यांना कमी लेखणे. पण रेघ सारखी ओढली म्हणजे न्याय झाला असे नाही. रेघेपर्यंतचा रस्ताही पाहायला हवा. एकाच्या वाटेवर मैलाचे दगड आहेत, शाळेचा दाखला, नोकरीचे पुस्तक, पगाराची चिठ्ठी. दुसरीच्या वाटेवर एकही दगड नाही. दगड फोडले मात्र तिनेच. तेव्हा रेघ हलवायची असेल तर ती पुढच्या पिढीसाठी हलवावी, जी तिच्या जवळ येऊन ठेपली आहे तिच्या पायाखालून ओढू नये. हलवली तर वेळेवर पत्र पाठवावे. आणि जिच्या वयाला कागद नाही तिच्या बाबतीत शंकेचा फायदा तिला द्यावा, कचेरीला नव्हे. विलायतेतल्या बाईचे पेन्शन कायद्याने सहा वर्षे पुढे ढकलले. केनवडच्या आजींचे एका पोराच्या बोटाने नऊ वर्षे.

“मोठं सोपं सांगतलंस,” आत्या म्हणाली. “आता ते लिहून ठेव अन् उद्या हिच्यासंगं दवाखान्यात जा.”

आत्याचा स्वभाव असा आहे. त्या योजनेच्याच नियमांत, जन्माचा उतारा किंवा शाळेचा दाखला नसेल तर मतदार यादीतले अथवा शिधापत्रिकेवरचे वय चालते आणि सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखलाही चालतो. आजींना हे कुणी सांगितले नव्हते. यादीत आणि शिधापत्रिकेवरही त्यांचे वय असेच कुणीतरी तोंड पाहून घातलेले. दुसऱ्या दिवशी आजी, बाबा आणि मी असे तिघे सरकारी रुग्णालयात गेलो. बाबांनी आपला चौथीचा दाखला ट्रंकेतून मागवून घेतला होता. तरुण डॉक्टरीणबाईंनी आजींना नीट तपासले, भावाचा दाखला पाहिला, गांधीबाबाची गोष्ट ऐकली आणि कागदावर ‘वय अंदाजे ८० वर्षे’ असे लिहून दिले. त्या ‘अंदाजे’ शब्दाकडे आजी बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांना वाचता येत नाही. पण शिक्का आपल्या बाजूचा आहे हे त्यांना कळले.

त्या कागदाने गेलेली नऊ वर्षे परत येणार नाहीत. पगार तर चालूच होता. मग एवढी यातायात कशाला, असे मी परतताना आजींना विचारले. आता केवळ एस.टी.च्या अर्ध्या तिकिटाचा तर प्रश्न!

“तिकिटाचं काय घेऊन बसला, मास्तर,” त्या म्हणाल्या. “मी याची मोठी बहीन हाय. तेवढं लिवून असावं.”

बाबा या वेळीही खिडकीबाहेर पाहत होते. पण त्यांनी तिकिटाचे पैसे कंडक्टरला आधीच देऊन ठेवले होते, बहिणीचे.

मी निघालो तेव्हा आजी फाट्यापर्यंत आल्या. तुरीची डाळ बांधलेले एक फडके त्यांनी माझ्या हातात दिले. गाडी यायला वेळ होता. रस्ता आता चांगला रुंद आणि डांबरी आहे. वाशीम जिल्ह्यातून हल्ली समृद्धी महामार्गही जातो आणि त्यावरून मोटारी नागपूर-मुंबई अशा वाऱ्यासारख्या पळतात. “तुमची खडी कुठं पडली, आजी?” मी विचारले. त्यांनी हात उचलून रस्त्याच्या वळणाकडे दाखवले. “तथीसा. अन् तिकडं बी.” वरून डांबराचे किती थर गेले असतील देव जाणे. गाडी त्या वळणावरून पुढे गेली तेव्हा मी मागे वळून पाहिले. आजी अजून तिथेच उभ्या होत्या, आणि दाखल्याचा कागद पदराखाली धरलेला होता.